गोड केलेला शेवट

कार्ल्सरूहे
७ सप्टेंबर २०२५

प्रिय ऊर्मिला,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठड्याला धर, मान मोडून मोबाइल बघत उतरू नकोस. मीनलची पाठ? दिवसभर खुर्चीत बसून या मुलींच्या पाठी आपल्या आधी म्हाताऱ्या होतात. जावई प्रसन्नरावांचं पित्त कसं आहे? आरवच्या दाढा आल्या का? आणि तुमच्या कुसुमचं सुरीने कापलेलं बोट भरलं का? आमच्याकडे चारुदत्त बरा, सुकन्या बरी, वेद बरा. तो मला जर्मनमध्ये उत्तर देतो, मी त्याला मराठीत रागावते, दोघांचं छान चाललंय.

फोन सोडून कागद काढला म्हणून हसशील. पण मला फोनवर निम्मं ऐकू येत नाही, आणि तुमच्याकडे फोन स्पीकरवर टाकला की अख्खं घर ऐकतं.

बातमी अशी की म्युनिकच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अपूर्वाने माझ्याकडे गोष्ट मागितली आहे. संपादक आहे ती तिथली, सव्वीस वर्षांची पोर. मी म्हटलं, अगं, मी चौथी शिकलेली बाई. मिरजेच्या वाचनालयात फाटक्या पुस्तकांना खळ लावत बसायचे आणि खळ वाळेपर्यंत वाचायचे, एवढंच माझं शिक्षण. ती म्हणाली, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, आजी, तसंच लिहा.

मिरजेच्या त्या वाचनालयातल्या एका पुस्तकाला पहिली पानंच नव्हती, त्यामुळे नाव कधी कळलं नाही. माणसं विकायचा धंदा कसा बंद पडला, ते त्यात लिहिलं होतं. भाषणं होत, अर्ज जात, पण लोक जांभया देत. मग कुणी कविता लिहिल्या, कुणी गोष्टी लिहिल्या, आणि दिवाणखान्यात बसून वाचताना बायका रडल्या. कडेवरचं पोर ओढून विकलं जातं हे वाचून कित्येक घरांनी त्या मळ्यांतली साखर चहात घालायचं सोडलं. सुकन्या म्हणते, इथे जर्मनीतसुद्धा त्या गोष्टींची भाषांतरं घरोघर वाचली गेली. ते मला इतकी वर्षं धरून आहे. तेव्हा एका गुलाम बाईची गोष्ट लिहीन म्हणते.

एक विचारू? मागे व्हॉट्सॲपवर तू सहज लिहिलंस की कुसुमचा पासपोर्ट मीनलच्या कपाटात कुलपात असतो. तो का गं?

तुझी
अहिल्याताई


गार्चिंग
१६ सप्टेंबर २०२५

प्रिय ताई,

सा. न. गुडघा तसाच, पण सुजत नाही. मीनलला पाठीला पट्टा दिलाय, तो खुर्चीला बांधलेला असतो. प्रसन्नरावांनी पित्तासाठी चहा सोडला आणि कॉफी धरली. आरवच्या दोन दाढा आल्या, चावायला मीच सापडते. कुसुमचं बोट भरलं.

ताई, तू पण ना! पासपोर्ट हरवायला नको म्हणून मीनलने जपून ठेवलाय. कुसुम कवठेमहांकाळची, तिला इथल्या कागदांचं काय कळतं? गेल्या वर्षी जुलैत तीन महिन्यांच्या व्हिसावर आली, पुढचं मीनल बघतेय म्हणते. पोर घरातल्यासारखीच आहे. घरातल्यासारखी काय, घरातलीच. आम्ही जे जेवतो तेच ती जेवते. कुणी विचारलं तर "मी आरवची मावशी" म्हणायचं, असं मीनलने तिला शिकवलंय. इतक्या मायेने कोण वागवतं सांग बरं कामवालीला? पगार तिकडे तिच्या आईकडे जातो. सुट्टी ती घेतच नाही. जाणार कुठे, तिला भाषा येत नाही.

एक मात्र मनाला लागतं. तिची मुलगी स्नेहलता पोटुशी आहे, जानेवारीत दिवस भरतील. पहिलं बाळंतपण माहेरी. आणि माहेर म्हणजे कुसुमच, नवरा कधीच गेला, घरी फक्त म्हातारी आई. कुसुमने मीनलला दोनदा विचारलं. मीनल म्हणाली, आरवला किटा मिळू दे, मग जा. किटा म्हणजे पाळणाघर, इथे त्याला वर्ष वर्ष नंबर लागत नाही. परवा मी कपडे टाकायला खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात गेले तर मशीन गरगरत होतं आणि कुसुम त्याच्या आड बसून फोन कानाला लावून हमसत होती. खांदे हलत होते. मशीनचा आवाज असला की कुणाला ऐकू जात नाही ना. मी तशीच मागे फिरले. बिचारी.

तुझी गोष्ट पूर्ण कर. कार्यक्रमात वाचायला मीनलला दिली तर बघ, तिचा आवाज छान आहे.

तुझी
ऊर्मिला


कार्ल्सरूहे
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय ऊर्मिला,

गोष्ट झाली. अपूर्वाकडे पाठवली. दोनशे वर्षांपूर्वीचा उसाचा मळा, एक मालकीण आणि तिच्या घरातली गुलाम बाई. मालकीण दुष्ट नाही. मुद्दाम तशी नाही केली. दुष्ट केली की वाचणारा म्हणतो, मी काही असा नाही, आणि निवांत झोपतो. ती बाईला आपल्याच ताटातलं वाढते. बाईचा सुटकेचा कागद आलेला असतो, तो मात्र पेटीत ठेवते. हरवायला नको म्हणून.

अपूर्वाने पहिला शेवट परत पाठवला. "आजी, दिवाळीत लोक चकल्या खात खात वाचणार. थोडा गोड करा ना, आल्झो, म्हणजे निदान एवढा कडू नको." मी दोन दिवस घुटमळले आणि केला गोड. मालकिणीला रडू येतं आणि ती पेटी उघडून कागद बाईच्या हातात देते. छापायला गेला आता.

व्हिसा तीन महिन्यांचा होता ना? मग चौदा महिने कसे झाले? तू कागद डोळ्यांनी बघितलास का? मी सुकन्याला सहज विचारलं, तर तिने भुवया वर केल्या. दुसऱ्याचा पासपोर्ट असा ठेवता येत नाही म्हणते, नात्यातला असला तरी. तू त्या घरातली मोठी आहेस. एकदा मीनलला विचार.

उत्तर लवकर लिही.

अहिल्याताई


गार्चिंग
३ नोव्हेंबर २०२५

ताई,

दिवाळीला पत्र नाही म्हणून रागावली असशील. आठवडाभर लिहिते आणि फाडते आहे.

पंचवीस तारखेला कार्यक्रम झाला. हॉल गच्च भरलेला. मीनल पैठणी नेसून तुझी गोष्ट वाचायला उभी राहिली. काय वाचली ताई! शेवटी पेटी उघडते तिथे तिचा गळा भरून आला, थांबावं लागलं. पुढच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. माईकवरून ती म्हणाली, "अशी माणसं त्या काळी होती, विचारसुद्धा करवत नाही." टाळ्या थांबेनात. खाली उतरून डोळे टिपले आणि आतल्या किचनकडे वळून म्हणाली, "कुसुम, चहा आण गं, घसा सुकला."

कुसुमला आम्ही बटाटेवडे गरम करायला नेलं होतं. ती दारातच उभी होती. सगळं ऐकत.

येताना ऊ-बान मेट्रोमध्ये मीनल आणि प्रसन्नराव पुढे बसले, मी आणि कुसुम मागे. ती मला हळूच म्हणाली, "आजी, अंकात छापतात ते खरं असतं का?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीने लिहिलंय, ती खोटं कशाला लिहील?" ती म्हणाली, "मालकिणीला आता कळलं असंल मग." मला काही उमजलं नाही. मी हसले.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन ती मीनलपुढे गेली. "ताई, काल तुम्ही रडलात. माझा पासपोर्ट द्या आता, स्नेहाचं बाळंतपण आलं." मीनल फोनवरून मान वर न करता म्हणाली, "त्याचा इथे काय संबंध? तुझा व्हिसा कधीच संपलाय, विमानतळावर पोलीस धरतील तुला. मी आहे म्हणून सुरक्षित आहेस. आरवचं खाणं केलंस का?"

ताई, मी तिथेच भाजी निवडत होते. देठं बाजूला, पानं बाजूला. हात चालूच राहिले माझे.

रात्री अंक पुन्हा वाचला. ताटातलं वाढणं माझ्या पत्रातलं आहे. हरवायला नको, हे शब्द माझे आहेत. मशीनच्या जागी तू उसाचा चरक घातलास आणि चरकाच्या आवाजाआड बाईला रडायला बसवलंस. माझ्या घरची गोष्ट तू माझ्या मुलीकडून चारशे लोकांपुढे वाचून घेतलीस आणि मला एका अक्षराने सांगितलं नाहीस. का?

ऊर्मिला


कार्ल्सरूहे
६ नोव्हेंबर २०२५

ऊर्मिला,

रागव. हक्कच आहे तुझा.

मला वाटलं, मीनलला तोंडावर सांगितलं तर ती चिडेल, तू दुखावशील आणि कुसुमचा त्रास वाढेल. गोष्टीतून सांगितलं तर तिला आपोआप आत कुठेतरी टोचेल. त्या बिननावाच्या पुस्तकाने डोक्यात भरवलं होतं ते. वाचणारी बाई रडली की साखर सोडते. रडून, डोळे पुसून त्याच साखरेचा चहा मागवणाऱ्याही किती असतील, हे मला कळत होतं. कारण मी आधी लिहिलेला शेवट तोच होता. मालकीण पाहुण्यांना एका दुःखी बाईची गोष्ट वाचून दाखवते, रडते, आणि मग घंटी वाजवून त्याच गुलाम बाईला चहा आणायला सांगते. तो मी फाडला. चकल्यांबरोबर बरा दिसणार नाही म्हणून. आणि कुसुम माझा गोड शेवट खरा मानून आंघोळ करून पदर घेऊन उभी राहिली.

तुझं पत्र वाचल्यापासून हाताला काम सुचत नाही. सुकन्याला सगळं सांगितलं. ती आधी माझ्यावरच ओरडली, "आई, तुम्ही हे मला आत्ता सांगताय?" मग तिने शोधून काढलं. म्युनिकमध्ये अशा बायकांसाठी बेराटुंग आहे, म्हणजे सल्ला देणारी संस्था. फुकट, आणि पोलिसांना न कळवता बोलता येतं. दुभाषी देतात. व्हिसा संपलेल्या बाईलाही मदत करतात. नंबर खाली मराठी आकड्यांत लिहिला आहे, तो कुसुमच्या हातात दे. मीनलला विचारू नकोस, मलाही विचारू नकोस. कुलूप तू उघडायचं, की कुसुमने फोन करायचा, हे कुसुमला ठरवू दे. आपण दोघी तिच्याबद्दल इतकं लिहिलं, तिला काय हवंय ते एकदा तरी विचारलं का?

मीनल तुझ्या पोटची आहे, मला ठाऊक आहे ऊर्मिला. तरीही दे.

ताई


गार्चिंग
१० डिसेंबर २०२५

ताई,

नंबर मी दिला. लगेच नाही दिला. नऊ दिवस तो कागद माझ्या पोथीत राहिला. रोज सकाळी वाटायचं आज देते, आणि मीनल ऑफिसला निघताना "आई, औषध घेतलंस?" विचारायची की हात मागे यायचा.

दिला तेव्हा कुसुमने वाचला, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला, "बरं" म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली. मग पंचवीस नोव्हेंबरला, मंगळवारी, आरवला झोपवून माझ्याजवळ आली. अंगात मीनलचं जुनं जाकीट. "आजी, दूध फ्रिजमध्ये आहे. उठला की थोडं कोमट करून द्या." आणि दार ओढून गेली. मी खिडकीतून बघत होते. स्टेशनकडे जाताना एकदासुद्धा मागे वळली नाही.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या दोन बायका दारात. प्रसन्नरावांनी कपाट उघडून पासपोर्ट दिला. मीनल म्हणत राहिली, "मी तिला बहिणीसारखं ठेवलं." ती खोटं बोलत नव्हती ताई, तिला खरंच तसं वाटतं. आता ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, माझ्या समोर ठेवते आणि निघून जाते. काल एवढंच म्हणाली, "माझं बाळंतपण करायला तू आली नव्हतीस, ती आली. आणि तूच तिला पळवलंस."

आता ऐक. पोलिसांत जबाब द्यायचा का, असं कुसुमला विचारलंय. तिने दिला तर मीनलवर केस होईल, नोकरी जाईल, कदाचित सगळंच जाईल. कुसुम सुटली आहे, तिला पासपोर्ट मिळाला आहे, घरी जायला मिळेल. मग आणखी काय हवं? तू लिहिलेलं ती खरं मानते. तिला लिही ना, मीनलचं नाव घेऊ नकोस म्हणून. मीनलही कुणाची आई आहे. संस्थेमार्फत पत्र पोचतं, पत्ता सोबत देते आहे. माझ्यासाठी एवढं कर. पाया पडते.

ऊर्मिला


कार्ल्सरूहे
१५ डिसेंबर २०२५

चि. कुसुम,

मी अहिल्या, ऊर्मिलाआजींची थोरली मावसबहीण. आपण कधी भेटलो नाही. दिवाळी अंकातली गोष्ट माझी. तुझी तब्येत कशी आहे? तिथे थंडीचं पांघरूण पुरेसं आहे का, जेवण घशाखाली उतरतं का? स्नेहलता कशी आहे? तुझी आई?

ऊर्मिलाने मला सांगितलं आहे की मीनलचं नाव घेऊ नकोस असं तुला लिही. तिने विचारलं, हे तुझ्यापासून लपवणार नाही. पण मी तसं लिहिणार नाही. तू काय सांगायचं ते तुझं तू ठरव. ऊर्मिलालाही मी हेच कळवलं आहे, आणि तिचं उत्तर आलेलं नाही.

मला माफी मागायची आहे. सप्टेंबरमध्ये ऊर्मिलाच्या पत्रातून मला तुझं सगळं कळलं होतं. मी ते घेऊन दोनशे वर्षांपूर्वीच्या मळ्यात नेऊन ठेवलं आणि शेवटी एक खोटा आनंद चिकटवला. त्या काळी गुलामीतून सुटलेल्या माणसांनी आपली हकिकत स्वतः लिहिली, तर लोक म्हणत, आधी कुणा प्रतिष्ठित माणसाची सही आणा, मग खरी मानू. मी तर तुला सहीपुरतंसुद्धा विचारलं नाही.

मनात असेल तर लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील.

अहिल्याआजी


म्युनिक
९ जानेवारी २०२६

अहिल्याआजींना कुसुमचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. तुमची तब्येत कशी आहे? कान कसे आहेत? ऊर्मिलाआजी म्हणायच्या, तुम्हाला ऐकू कमी येतं. सुकन्याताईंना माझा नमस्कार सांगा, नंबर त्यांनी शोधला असं इथल्या बाईंनी सांगितलं. मी बरी आहे. इथे आम्ही पाचजणी आहोत, पाच भाषा. जेवण पाळीपाळीने करतो. मी एकदा झुणका केला, एक बाई रडली आणि दोघींनी दोनदा घेतला.

मी सातवी शिकले आहे, लिहायला वेळ लागतो. चुकलं असेल तर समजून घ्या.

स्नेहाला चार तारखेला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. मी नव्हते. माझ्या म्हाताऱ्या आईने आणि शेजारणीने सांभाळलं. फोन स्नेहाच्या उशाशी ठेवला होता आणि मी इकडून सांगत होते, घाबरू नको, श्वास घे. परत जायचे कागद तीन आठवडे आधी झाले असते तर पोचले असते. ते आता काही होत नाही.

गोष्टीत तुम्ही मला चरकाआड रडताना दाखवलंय. आजी, मशीनच्या आड मी रडत नव्हते. स्नेहा तिच्या डोहाळ्यांची मजा सांगत होती, माती खावीशी वाटते म्हणून नवऱ्याला वीटभट्टीवर पाठवलं. हसून हसून माझे खांदे हलत होते. मोठ्याने हसलं तर वर ऐकू जाईल म्हणून तिथे बसायची. दिवसात तेवढंच माझं असायचं. ऊर्मिलाआजींनी मागून बघितलं असेल. पुढे येऊन विचारलं असतं तर कळलं असतं.

पण गोष्टीचा राग नाही. ती ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की कागद माझा आहे आणि तो मागता येतो. मीनलताईंनी नाही दिला, पण मागताना तोंड उघडलं ते उघडलंच.

जबाब मी दिला. बुधवारी. तीन तास चालला. मीनलताईंचं नाव घेतलं. त्या मला मारत नव्हत्या, ताटातलं वाढत होत्या, आरवला माझ्यापासून कधी तोडलं नाही, हे पण सांगितलं. जबाब घेणारे पोलीस साहेब म्हणाले, हे सांगायची गरज नाही. मी म्हटलं, खरं आहे म्हणून सांगते. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला माहीत होतं? मी ऊर्मिलाआजींचं नाव सांगितलं. वर्षभर त्या माझ्याशेजारी भाजी निवडत होत्या. नंबर त्यांनी दिला, हे पण लिहून घ्यायला लावलं.

मग विचारलं, घराबाहेर कुणाला माहीत होतं? तुमचं पत्र माझ्या पिशवीत होतं. तुम्ही लिहिलंय, सप्टेंबरमध्ये कळलं होतं. मी नोव्हेंबरच्या पंचवीस तारखेला बाहेर पडले. मधले दिवस मी बोटांवर मोजले, आजी. त्या दिवसांत तुम्ही गोष्ट लिहीत होता, आणि मी तिथेच होते. सप्टेंबरमध्ये कुणी नंबर दिला असता तर स्नेहाजवळ असते.

साहेबांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. परत बुधवारी बोलावलंय. तुमचं नाव सांगितलं तर तुम्हाला काय होईल ते मला माहीत नाही, काही होणार नाही असं इथल्या बाई म्हणतात. पण तुम्हाला न विचारता तुमच्याबद्दल लिहून द्यायचं माझ्या मनाला पटत नाही.

तेव्हा सांगा, तुमचं नाव घेऊ का? एकोणीस तारखेला माझं विमान आहे. बुधवारच्या आत पोचेल असं उत्तर लिहा.

कुसुम